नारळावरचा हात

आप्पा, तुमच्या साहेबांची नात आली होती. नाताळच्या सुट्टीत, पुण्याहून, एकटीच गाडी चालवत. जवळच्या गुंद गावी कुठल्याशा होमस्टेत उतरली होती आणि तिथल्या मालकानं, बंगल्यावरच्या स्वयंपाक्याची मुलगी म्हणून, शाळेतून माझा नंबर काढून तिला दिला. फोनवर म्हणाली, "मावशी, मला आजोबांचं गाव बघायचंय. दाखवाल का?" आजोबांचं गाव म्हणे. तुमचे साहेब आपल्या गावात राहिले ते धरणाच्या कामापुरते, म्हणजे गाव पाण्याखाली घालायच्या कामापुरते, आणि गाव त्यांचं झालं. आपण तिथे पिढ्या काढल्या, तर आपण 'उठवलेले लोक'. अगदी ओठांवर आलं होतं की बाई, तुझ्या आजोबांचं गाव बघायचं तर आधी पोहायला येतं का ते सांग. पण गिळलं. "या, दाखवते," असंच म्हटलं. मी काही एवढी गोड बाई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मला तिच्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती.

ती गोष्ट कोणती ते तुम्हाला सांगायला नकोच, पण आज मी सगळं उच्चारून बोलणार आहे, तुमच्यासारखं खाली मान घालून नाही. गाव उठलं तेव्हा रामनगरच्या माळावर खुंट्या मारून आपल्या लोकांना जागा पाडून दिल्या. एवढ्या मोठ्या धरणापायी उठलेली माणसं, आणि सगळ्या माळाला पाण्याचा एक हापसा. त्या हापशाला लागून जी जागा होती ती आपल्याला मिळाली. तुम्ही साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकी, आणि हापसा आपल्या दारात. लोक काय म्हणणार? "स्वैपाक्याला साहेब पावला," असंच म्हणायचे. माझ्यासमोर म्हणायचे. शाळेत एकीनं म्हटलं तेव्हा मी तिच्या झिंज्या धरल्या होत्या. मोठी झाले, ह्याच गावच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, तरी कुणी हसत हसत विषय काढला की माझं उत्तर ठरलेलं, "आमची जागा देवीनं दिली, साहेबानं नाही." तुम्ही गेलात, आई गेली, तरी मी तेच म्हणत राहिले. पण आप्पा, साक्षीला कुणीतरी पाहिजे होतं. साहेबही कधीच वारलेले. मग ही नात आली, आणि मला वाटलं, हिच्या कानावर काहीतरी असेल. ही एकदा म्हणू दे की माझ्या आजोबांचा त्यात हात नव्हता. त्याच संध्याकाळी हिला बाजारातून हिंडवीन आणि सगळ्यांना ऐकवीन, असा माझा बेत होता.

तर तिला गाव दाखवायला निघाले. रामनगरात पाहुण्याला दाखवायचं काय, हा प्रश्नच आहे. बसस्टँड दाखवला, शाळा दाखवली, गोव्याकडे जाणारा मोठा रस्ता दाखवला, जो तिनं येताना पाहिलाच होता. ती दर चार पावलांवर थांबायची आणि म्हणायची, "किती शांत आहे ना इथे. आमच्याकडे असं मिळणारच नाही." मी तिला सांगितलं, बाई, शांत आहे कारण पोरं सगळी गोव्याला हॉटेलांत कामाला गेलीत, आणि नाताळ म्हणजे तिकडचा भर हंगाम, एकालाही रजा नाही. दारांत म्हातारी माणसं तेवढी उरलीत, त्यांनी काय आरडाओरडा करायचा? "हो ना," असं म्हणून तिनं एका बंद घराच्या कुलपाचा फोटो काढला. चहाच्या दुकानात मालकानं विचारलं, "काय वो बाई, पावनी कुठली?" मी म्हटलं, "शाळा बघायला आल्यात." त्यानं तिच्या बुटांपासून गॉगलपर्यंत सगळं न्याहाळलं आणि म्हणाला, "शाळेत बगायसारकं काय हाय? उळवीच्या देवळात तरी न्या त्यांस्नी." मुलगी वाईट नव्हती, आप्पा. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला तिनं. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

दुपारच्या आत पाण्यावर गेलो. तिला वाटलं होतं देवळाचा कळस वगैरे वर दिसेल, कुठेतरी व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे. डिसेंबरात काय दिसणार? काठोकाठ पाणी, पलीकडे जंगल, वर एक घार. "तुमचं घर कुठे होतं?" म्हणून तिनं विचारलं आणि मी हात करून दाखवला, तो अंदाजानंच. पाण्याला काय खुणा असतात? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "किती सुंदर आहे हे." मला इतका संताप आला की मी पाठ फिरवून गाडीकडे चालू लागले. संताप तिच्यावर नव्हता. तिचं बरोबर होतं, सुंदरच दिसतं ते. आपलं घर, गोठा, फणस, सगळं गिळून वर एवढं सुंदर दिसायचं त्या पाण्याला काही अडलं होतं का?

तिला बंगलाही बघायचा होता. तोही खालीच गेलाय, पण मला तो तिच्या आजोबांपेक्षा जास्त आठवतो. मागच्या अंगाला तुमचं स्वयंपाकघर, धुरानं काळी झालेली खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी साहेबांची नकाशांची टेबलं. मी शाळा सुटली की थेट तिकडे. तुम्ही पाट्यावर नारळ आणि मिरी वाटत असायचात आणि मला भाताची खरवड द्यायचात, वर रश्श्याचा एक डाव. साहेबांना तुमची कोंबडी आवडायची, आणि साहेबांना आवडते म्हणून तुम्हाला आवडायची. एकदा साहेब जेवत होते. मी दाराशी उभी राहून सरळ विचारलं, "साहेब, आमचं घर बुडलं की आमी जायाचं कुठं?" साहेबांचा घास हातातच राहिला. तुम्ही मला कानाला धरून मागच्या दारी आणलंत. आयुष्यात तेवढ्याच वेळी तुम्ही माझ्यावर हात उचललात. म्हणालात, "जेवत्या मानसाला काय इचारू न्हाई. त्येचा घास कडू हुतो." मी रडत म्हटलं, "मग त्ये आमचं घर बुडवत्यात त्ये?" तुम्ही म्हणालात, "त्ये त्यांचं काम हाय. जेवाय घालनं माजं काम हाय." किती मोठं वाटलं होतं मला ते वाक्य. शाळेत मुलांना मी ते सांगितलंय, आमचे वडील असे होते म्हणून.

आणि मग चिठ्ठ्यांचा दिवस. साहेब लोक म्हणत होते की जागा कचेरीत ठरतील. गावानं ऐकलं नाही. "कागदावर आमचा इस्वास न्हाई. देवीला आदी आनूया, मग तिच्याफुडं चिठ्ठ्या काडू," म्हणून सगळे अडून बसले, आणि तुमच्या साहेबांनी ते मान्य केलं. अजून डोळ्यांपुढे आहे. उघडा माळ आहे, वर एक मांडव, मांडवात नव्यानं बसवलेली देवी. तिच्यापुढे परात, परातीत तांदूळ, तांदळात पुरलेल्या चिठ्ठ्या. घरटी एक पुरुष पुढे येतो, देवीला हात जोडतो, तांदळात हात घालतो आणि एक चिठ्ठी काढून गुरुजींकडे देतो. गुरुजी आकडा वाचतात. ज्याला उतारावरची जागा मिळते तो हिरमुसतो, पण बोलत नाही, कारण देवीनं दिलेली. तुमची पाळी येते. तुम्ही सदरा घातलाय, बाह्या नेहमी दुमडलेल्या असतात, आज खाली सोडल्यात. तुम्ही हात घालता, काढता, गुरुजी वाचतात, आणि सगळा मांडव एकदम कुजबुजतो. हापशाची जागा. आई लंगडत येऊन देवीच्या पायांवर डोकं ठेवते. लाकडाच्या डेपोत हजेरीवर असताना ओंडका पायावर आला होता तिच्या, तेव्हापासून ती कंबरेतून हलायची. मी तेव्हा देवीला म्हटलं, तू खरी आहेस.

लोक काही दिवस गप्प बसले. मग उन्हाळा आला. पहिला उन्हाळा त्या माळावरचा, तुम्हाला आठवत असेल. हापसा दिवसातून थोडाच वेळ पाणी द्यायचा. पार टोकाच्या खडकाळ जागेवर जे मामा राहायला आले, नात्याचे नव्हेत, गावाच्या नात्यानं मामा, त्यांच्या बायकोला तेवढ्या लांबून डोक्यावर एक आणि कमरेवर एक बिंदगी घेऊन यावं लागायचं, आणि पुष्कळदा रिकाम्या घागरी घेऊन परत जावं लागायचं. मामांनी जत्रेला विषय काढला. सगळ्या गावासमोर, देवीसमोर. आपल्यात ज्याच्यावर आळ आहे त्यानं देवीपुढच्या नारळावर हात ठेवून सांगायचं, की विषय संपला. मग त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. आणि आळ खोटा निघाला तर घेणाऱ्यानं मान खाली घालायची. मामा म्हणाले, "नारळावर हात ठेव आन सांग, चिठ्ठी देवीनं दिली. मग म्या तुज्या पाया पडतो."

तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आप्पा? "माज्या हाताला कोंबडीचा वास हाय. देवीच्या नारळाला कसा लावू?"

मागून कुणीतरी हसलं. मामा म्हणाले, "देवीला वर्साला कोंबडा चालतोय. वास चालत न्हाई व्हय?" मग सगळेच हसले. तुम्ही मान खाली घातलीत आणि हाताकडे बघत राहिलात, उजव्या हाताच्या बोटांकडे, जशी त्यांवर खरंच काही लागलंय. आईनं पदर तोंडात धरला होता. आणि मी त्या हसणाऱ्या लोकांमधून पुढे गेले. परकर-पोलक्यातली पोर. कुणी सांगितलं नव्हतं मला. मी नारळावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "माज्या आप्पांनी चिठ्ठी तांदळातनंच काडली. देवीची आन." पोरीनं हात ठेवला म्हटल्यावर कोण काय बोलणार? लेकरावर कुणी शंका घेत नाही, आणि लेकराची शपथ खोटी निघाली तर ती लेकरालाच भोवते, हेही सगळ्यांना माहीत असतं. मामांनी खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. एवढा बाप्या माणूस. परत येताना तुम्ही मला जत्रेतल्या दुकानावर नेलंत आणि हिरव्या बांगड्या भरल्यात. कासारणीनं विचारलं, "आज काय हाय पोरीचं?" तर तुम्ही म्हणालात, "काय न्हाई, उगंच." मी त्या बांगड्या फुटेपर्यंत घातल्या. सगळ्यांना दाखवत हिंडले.

आता ह्या नातीकडे येते. पाण्यावरून परत आल्यावर मी तिला घरी जेवायला वाढलं. साधंच, भात, आमटी, कोनफळाचे काप. तिनं दोन वेळा भात घेतला. आणि मी तुमचा नियम मोडला, आप्पा. जेवत्या माणसाला विचारलं. म्हटलं, "तुझे आजोबा आमच्या आप्पांबद्दल काही सांगायचे का गं?" तिचा चेहरा एकदम फुलला. "अहो मावशी, त्याच्यासाठी तर मी आले. ती चिठ्ठीची गोष्ट! आम्हाला तोंडपाठ आहे. दर दिवाळीला आजोबा सांगायचे." आणि माझ्या ताटासमोर बसून, माझ्या हातचं जेवत, हसत हसत तिनं सांगितलं. तुमचे बाबा कधी काही मागायचे नाहीत. एकदाच, चहा ठेवला आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, बायकोला पाण्याला लांब जाता येत नाही. आजोबा म्हणाले, चिठ्ठ्या तुमच्या देवीच्या, मी काय करणार? पण मग चिठ्ठ्या करायला बसले तेव्हा हापशाची चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली आणि चहाच्या डब्यात टाकून दिली. दुसऱ्या दिवशी तुमच्या बाबांना म्हणाले, उद्या तांदळात रिकामा हात घालू नकोस. "किती गोड ना?" ती म्हणाली. "आजोबा म्हणायचे, माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं एकच चांगलं काम केलं."

मी तिला आमटी वाढली. दुसरं काय करणार होते? तिला त्यात काही गैर दिसतच नव्हतं. तिच्या लेखी एका मोठ्या साहेबानं एका गरिबाचं भलं केलं, संपली गोष्ट. जाताना तिनं मला मिठी मारली आणि हापशाचा फोटो काढला. गंजून पडलाय तो, दांडासुद्धा कुणीतरी नेलाय, पण तिला तोच पाहिजे होता. गाडी गेल्यावर चहावाल्यानं हाक मारून विचारलं, "गेली व्हय पावनी? काय म्हनत हुती?" आणि मी म्हणाले, "गाव शांत हाय म्हनत हुती."

आप्पा, पुण्यात दिवाळीचा फराळ खाताना एका घरातल्या पोराबाळांना जे तोंडपाठ होतं, ते मला माहीत नव्हतं. माझ्याच घरची गोष्ट, आणि ती मला परक्याच्या तोंडून हसत हसत ऐकावी लागली. तुम्ही चिठ्ठी घेतलीत ह्याचा मला राग नाही. आईच्या पायासाठी मागितलीत, ठीक आहे, मीही मागितली असती. देवीला फसवलंत, ते तुम्ही आणि देवी बघून घ्या. पण तुम्ही तिथे उभे होतात. मी पुढे आले, मी हात ठेवला, तेव्हा तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होतात. एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, मागं सर." कारण सांगायची गरज नव्हती. चिडून म्हटलं असतंत, माझा कान धरून ओढलं असतंत तरी चाललं असतं. साहेबाचा घास कडू होऊ नये म्हणून कान धरता आला, आणि तेव्हा नाही धरता आला? आणि वर बांगड्या. उगंच म्हणे. आणि त्यानंतर मी तुमच्या बाजूनं भांडत राहिले, शाळेत, बाजारात, सासरी, आणि घरी येऊन सांगितलं की तुम्ही समोर बसून विडी ओढत ऐकत राहिलात. एकदाही म्हणाला नाहीत, जाऊ दे गे, सोड तो विषय.

आईला ठाऊक होतं का? हेही मला आता कुणी सांगणार नाही. एवढं मात्र खरं की मामी घागरी घेऊन यायच्या तेव्हा आई हापशाचा दांडा आपण मारायची. तशा पायानं उभी राहून मारायची आणि मामींच्या घागरी आधी भरून द्यायची. मला वाटायचं, आईचा स्वभाव. आता काय वाटतं ते लिहीत नाही.

आणि मामा. त्यांचं तर तुम्हाला सगळं माहीत होतं. त्या जत्रेनंतर दर वर्षी कंद काढले की पहिलं कोनफळ मामा आपल्याकडे आणून द्यायचे. खोटा आळ घेतला त्याची भरपाई, असं गाव समजायचं, मीही तसंच समजायची. तुम्ही ते घ्यायचात आणि म्हणायचात, "कशाला आनलंस?" पण घ्यायचात. तुम्ही गेल्यावर मामा माझ्याकडे आणू लागले. आता वाकलेत, मामी जाऊन पुष्कळ दिवस झाले, पोरं कुठे कुठे पांगलीत, तरी काठी टेकत तेवढ्या लांबून येतात. मी त्या मुलीला वाढलेले काप गेल्या खेपेच्या कोनफळाचे होते. यंदाची काढणी आता आलीच आहे. मला ते सहन होईना. मी ठरवलं, आपणच जायचं आणि म्हाताऱ्याला सांगायचं, मामा, तुम्ही खरे होता. तुमच्या बायकोनं उगाच एवढी वर्षं पाणी वाहिलं. भरपाई झाली तर ती आमच्याकडून व्हायला पाहिजे.

गेले. मामा घरापुढच्या जगलीवर उन्हाला बसले होते, अडकित्त्यानं सुपारी कातरत. "ये गे मास्तरनी," म्हणाले. मी बसले. सगळी वाक्यं पाठ करून गेले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मामा, यंदा कोनफळ आणू नका."

"का गे? तुज्या घरात कोन खाईना झालं काय?"

"तसं न्हाई. पर आप्पा बी गेले आता. कितीदा भरून द्याल? बास झालं."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुज्या आप्पाला कोन आनत हुतं?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "मग?"

"त्येच्यासाटनं म्या कवाच आनलं न्हाई. तुला आनत हुतो. त्यो दारात बसलेला असायचा म्हनून त्येच्या हातात द्यायचो." मग सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, "त्या दिशी समदी मोटी मानसं हुबी हुती तितं. भांडान आमचं. आन नारळावर हात कुनी ठेवला तर एवड्याशा पोरीनं. तुजा हात कापत हुता. म्या म्होरंच हुतो, मला दिसत हुतं. तवाच म्हनायला पायजे हुतं म्या, सर पोरी माघारी, ह्ये तुजं काम न्हवं. न्हाई म्हनलो. मला हापसा पायजे हुता. हिची मान मोडत हुती पानी वाहून. वाटलं, भिऊन हात काडशील आन हापसा आमाला मिळंल. म्हनून म्या लेकराला शपत घिऊ दिली. त्येची लाज हाय मला. मरूस्तवर ऱ्हानार."

मी म्हटलं, "मामा, ती शपथ..." आणि त्यांनी हात वर केला.

"खरं काय त्ये देवीला म्हाईत. म्या कवा इचारलं न्हाई तुज्या बापाला, तुला बी इचारनार न्हाई. तू सांगू नगंस." मग अडकित्ता उचलून पुन्हा सुपारी कातरायला लागले आणि विचारलं, "चा घेनार?"

मी चहा घेतला. सांगितलं नाही. तिथून घरी चालत येताना मला एवढा राग आला की समोरून येणाऱ्या दोन पोरींनी नमस्कार केला तोही मला दिसला नाही. ज्यानं तुमच्यावर आळ घेतला, ज्याचं त्या दिवशी सगळं गेलं, त्या परक्या माणसाला माझा कापणारा हात दिसला. तो एवढी वर्षं माझ्या दारात येऊन मान खाली घालत होता. आणि ज्यानं घालायला पाहिजे होती, तो आत बसून त्यानं आणलेलं कोनफळ भाजून खात होता. मलाही वाढत होता. "घे, चांगलं भाजलंय," असं म्हणत होता. मामांना लाज वाटली आणि तुम्हाला वाटली नाही, असं मी समजू का? का वाटत होती आणि ती बाहेर काढायचा मार्गच तुम्हाला माहीत नव्हता? दोन्हींपैकी काहीही असो, मला दोन्हींचा राग येतो. तुम्ही मेलात म्हणून तो कमी होत नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण जिवंतपणी तुम्ही ही संधीच कुठे दिलीत?

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. मुलांना नाही, मामांना तर नाहीच. उद्या पाणी तापवताना बंबात घालीन. पुण्याहून तिनं फोटो पाठवलेत, हापशाचा, पाण्याचा, आणि एक माझा, वाढताना. अजून उत्तर दिलेलं नाही.

एक मात्र लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय हा राग मला धड समजतच नाहीये. जत्रेच्या आदल्या दिवशी तुम्ही मला मागच्या दारी नेऊन सांगितलं असतंत, की पोरी, चिठ्ठी डब्यातली हाय, तुज्या आईसाटनं घेतली, तर दुसऱ्या दिवशी मी पुढे आलेच असते, आप्पा. सगळं माहीत असून हात ठेवला असता. तुम्ही फक्त विचारायचं होतं.